टिल्लूंच्या मफिनवर प्रोटेस्ट

मोरेश्वर टिल्लूंना ‘नाही’ म्हणता येत नाही. हा भिडस्तपणा नव्हे, ती त्यांची शरीररचनाच आहे. कुणाची जीभ नाकाला लागते, कुणाची लागत नाही, तसंच हे. समोरच्याने तोंड उघडलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत टिल्लूंची मान डोलायला लागते आणि ‘हो हो हो’ असे तीन ‘हो’ बाहेर पडतात. पहिला ‘हो’ म्हणजे ऐकलं, दुसरा म्हणजे समजलं आणि तिसरा म्हणजे पटलं, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक. तिन्ही ‘हो’ ऐकण्याच्या आधीचेच असतात.

पुण्याहून शिकायला आलेले टिल्लू ऑकलंडमध्ये कायमचे राहिले ते याच पद्धतीने. कॉलेजातल्या बाईंनी विचारलं, “शिक्षण संपल्यावर परत जाणार का इथेच राहणार?” टिल्लू म्हणाले, “हो हो हो.” बाईंनी त्यातलं शेवटचं ऐकलं आणि ‘राहणार’वर खूण केली. आता ते हेन्डरसनमध्ये एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहेत. “गोळी जेवणाआधी का जेवणानंतर?” असं गिऱ्हाइकाने विचारलं तर मात्र ते तोंड घट्ट मिटून लेबलाकडे बोट दाखवतात. एवढी एक शिस्त त्यांनी पाळली आहे, म्हणून हेन्डरसनमधली जनता सुखरूप आहे.

बाकी ठिकाणी आनंदच. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात पाव किलो चकली आणायला गेलेला हा माणूस दुकानदाराच्या ‘और कुछ?’ला उत्तर देत देत गाडीची डिकी भरून परततो. निवडणुकीत त्यांच्या कुंपणावर एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या सगळ्या उमेदवारांच्या पाट्या सलोख्याने नांदतात. इथली गोरी माणसं बोलताना ‘ये, ना’ म्हणतात, म्हणजे ‘येस’ आणि ‘नो’ एका दमात. त्यातला ‘ये’ नुसता सौजन्याचा आणि ‘ना’ खरा, हे टिल्लूंना पंचवीस-एक वर्षांत उमगलेलं नाही. ते ‘ये’पाशीच उतरतात.

अशा माणसाशी संसार करायचा तर आवाज लागतो. तो कांचनवहिनींकडे आहे. वहिनी हॉस्पिटलात नर्स आहेत. वॉर्डाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पेशंटला ‘उठू नका’ म्हणायची त्यांना सवय आहे, आणि मधले सगळे पेशंटही मग उठत नाहीत. नवऱ्याला त्या ‘अहो’ म्हणतात. दुसरं काहीही म्हणत नाहीत. त्यांचं ‘अहो’ पार्किंगमधून सुटलं की मॉलमधले निम्मे भारतीय पुरुष वळून बघतात.

तर अशा या टिल्लूंच्या दुकानात गुडघेदुखीच्या गोळ्या घ्यायला नोएलीन यायची. सत्तरीची, वाळक्या फांदीसारखी काटक बाई. पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, आणि अंगाला घोड्याचा वास. तासाभरावरच्या कौरी फ्लॅट नावाच्या गावात तिचं कुरण होतं आणि कुरणात एक घोडी होती. एकदा गोळ्या पिशवीत टाकता टाकता नोएलीन म्हणाली, “तुला एखाद्या घोडीत भागीदारी नको असेल ना रे?”

प्रश्न नकारार्थी होता. पण टिल्लूंना व्याकरणाशी काय करायचंय? “हो हो हो.”

“स्वीट ॲज!” म्हणजे ‘झकास’, असं नोएलीन म्हणाली आणि गेली. अशा रीतीने टिल्लू शर्यतीच्या घोडीचे मालक झाले. संपूर्ण घोडीचे नव्हेत. बाकीचं अंग नोएलीनचं होतं. टिल्लूंकडे साधारण मागचा डावा पाय यावा, असा आमच्या कंपूतल्या अनिरुद्धचा हिशेब. अनिरुद्ध आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळंच माहीत असतं.

घोडीचं कागदोपत्री नाव ‘लेट फॉर टी’. घरचं नाव मफिन. रंग मफिनचा, पोट मफिनचं आणि वेगही साधारण मफिनचाच.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ते माझ्यासारखेच गोंधळतील. या शर्यतीत घोड्याने धावायचं नसतं. खरंच सांगतो. घोड्यामागे सल्की नावाची दोन चाकांची सडपातळ गाडी असते. त्यात ड्रायव्हर पाय फाकवून बसतो आणि घोड्याने दुडक्या चालीने जायचं. दुडकी कितीही जोरात चालते. पण घोड्याला उत्साह आला, त्याने चारही पाय उधळले आणि तो घोड्यासारखा पळायला लागला, की तो गुन्हा. मग ड्रायव्हरने त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणायचं आणि तोवर बाकीचे पुढे निघून जातात. बसला उशीर झालाय, पण लोक बघतायत म्हणून पळायचंही नाही, अशी जी आपली चाल होते ना, त्या चालीची ही जागतिक स्पर्धा.

मफिनचा एक मोठा गुण म्हणजे तिने आयुष्यात कधी चाल मोडली नाही. पळावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्यामुळे ती एकदाही बाद झाली नव्हती आणि एकदाही जिंकली नव्हती.

त्या शनिवारी मात्र गोष्ट वेगळी होती. नोएलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर सल्कीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे कौरी फ्लॅटची ती शर्यत तिची शेवटची. टिल्लूंना ती म्हणाली, “मला स्वतःसाठी काही नको, मेट. पण ही घोडी एकदा जिंकलेली बघायचीय. एकदा बघितली की लायसन्स परत करीन आणि गुडघा कापायला देईन. कोणता हवा तो कापा म्हणावं.”

एवढं ऐकल्यावर आम्ही काय घरी बसतोय? टिल्लू, वहिनी, त्यांची युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी ऋग्वेदा, अनिरुद्ध आणि मी, असे डबे घेऊन निघालो. थालीपिठं, वड्या, दह्याचा सट आणि न्यूझीलंडच्या वाऱ्यात उडून जाण्यासाठी खास आणलेली एक चटई.

कौरी फ्लॅटचं मैदान म्हणजे हिरव्यागार गवतावरची एक लंबगोल वाट, पत्र्याचा एक स्टँड, चिप्सची गाडी आणि एकमेकांना नावानिशी ओळखणारी शंभरेक माणसं. निवेदक माईकवरून शर्यतीच्या मधे मधे हरवलेल्या कुत्र्यांची वर्णनं सांगत होता.

शर्यत सुरू झाली. मफिन शेवटून दुसरी. आम्ही थालीपीठ काढलं. पहिला फेरा झाला, मफिन तिथेच. दुसऱ्या फेऱ्यात काय झालं देव जाणे. तिच्या शेपटीला मोगऱ्याच्या कळीएवढी एक माशी चावली, असं अनिरुद्धचं मत आहे. मफिनची दुडकी अचानक शिवणयंत्रासारखी चालायला लागली. एक घोडा मागे पडला, मग दुसरा, मग तिघं एकदम. शेवटच्या सरळ पट्ट्यात तिच्यापुढे एकच घोडा उरला, ब्रिगेडिअर. काळाभोर आणि अंगावर तेज असलेला. त्याचा मालक आणि ड्रायव्हर क्रेग हा लाल मानेचा धिप्पाड गडी.

आम्ही कठड्याला लटकलो. वहिनी चष्मा गाडीत विसरल्या होत्या. त्यांना समोर फक्त दोन तपकिरी-काळे ढग आणि एकावर निळा ठिपका दिसत होता. त्यांनी वॉर्डातला आवाज लावला, “अहो! अहो! निळ्या टोपीवाली आपलीच ना?”

“हो! हो! हो!” टिल्लू जिवाच्या आकांताने ओरडले.

त्याच गलक्यात ब्रिगेडिअरने कान मागे टाकले आणि तो चक्क थबकला. क्रेगने लगाम झटकला, ब्रिगेडिअर गांगरला आणि चारही पाय उधळून पळत सुटला. म्हणजे गुन्हा. क्रेग त्याला आवरेपर्यंत मफिन, जिभेचं टोक बाहेर काढून, दुडक्या चालीने शेवटच्या रेषेपार गेली. आयुष्यात पहिल्यांदा पहिली!

आम्ही उड्या मारल्या. वहिनींनी एका अनोळखी माणसाच्या तोंडात वडी कोंबली. नोएलीन सल्कीतून उतरून मफिनच्या मानेला जी मिठी मारून उभी राहिली, ती हलेचना. आणि तेवढ्यात माईकवरून निवेदक म्हणाला, “थांबा जरा, लोकहो. प्रोटेस्ट आहे.”

प्रोटेस्ट म्हटल्यावर अनिरुद्ध लगेच मूठ वर करून “नहीं चलेगी, नहीं चलेगी!” असं ओरडला. त्याला वाटलं मोर्चा आहे. मग शेजारच्या आजोबांनी समजावलं की प्रोटेस्ट म्हणजे शर्यतीत नियमभंग झाला अशी हरलेल्याची तक्रार. समिती बसते, दोन्ही बाजू ऐकते आणि वाटलं तर निकाल फिरवते. “तक्रार कशाबद्दल आहे?” टिल्लूंनी विचारलं.

“क्रेग म्हणतोय, मफिनच्या मालकाने कठड्यावरून ‘व्होआ’ ओरडून त्याचा घोडा थांबवला,” आजोबा म्हणाले.

आता घोड्याला थांबवायचा इंग्रजी शब्द ‘व्होआ’. आणि आमच्या टिल्लूंचा होकार ‘हो’. ब्रिगेडिअरला मराठी येत नसल्यामुळे त्याने आज्ञा पाळली होती.

टिल्लूंचा चेहरा दह्याच्या सटासारखा झाला. तिकडे क्लबचे अध्यक्ष विजेत्या घोड्याच्या गळ्यात घालायचा निळा पट्टा घेऊन दोन्ही घोड्यांच्या बरोब्बर मधे उभे राहिले. निकाल लागेपर्यंत तटस्थ राहणं त्यांचं कर्तव्य होतं.

समितीची खोली म्हणजे टी-रूमच्या मागचा पत्र्याचा कप्पा. अध्यक्षपदी मिसेस पारातेने (हा ‘ने’ आडनावातलाच), माओरी, निवृत्त मुख्याध्यापिका. “किया ओरा. बसा,” माओरी नमस्कारासकट एवढंच त्या म्हणाल्या आणि सगळे एकदम बसले. खुर्ची नव्हती तेही बसले. कोपऱ्यात लिहून घ्यायला एक चष्मेवाला क्लार्क होता. आम्हा बाकीच्यांना दारात उभं राहायची परवानगी मिळाली. कामकाज सुरू व्हायच्या आधी मिसेस पारातेने नोएलीनला म्हणाल्या, “घोडीच्या मालकानेच चूक कबूल केली तर मला निकाल फिरवावा लागेल. तुझा साक्षीदार नीट बोलेल ना?”

नोएलीनने टिल्लूंकडे बघितलं. आम्हीही बघितलं. साऱ्या पश्चिम ऑकलंडमध्ये नको ते कबूल करण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. “नीट बोल हं, मेट,” नोएलीन हळूच म्हणाली.

“हो हो हो,” टिल्लू म्हणाले. क्रेग दचकून म्हणाला, “हेच! हेच ते!”

ऋग्वेदाने मोबाईलवर शर्यतीचा व्हिडिओ काढला होता. “बाबा, यू आर लिटरली एव्हिडन्स,” असं म्हणत तिने तो समितीला दाखवला. पडद्यावर घोडे आले. मग वहिनींचा आवाज आला. मोबाईल थरथरला. मिसेस पारातेने म्हणाल्या, “थांबवा. पहिल्यांदा ओरडतंय ते हे गृहस्थ नव्हेत. ही बाई आहे. ‘अ-व्होआ! अ-व्होआ!’ आणि घोडा तिथेच कान टाकतोय.”

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. वहिनींनी पदर नव्हता म्हणून जॅकेटची झिप वर ओढली.

“मिस्टर टिल्लू, तुमच्या पत्नी घोड्याला हाका मारत होत्या?”

“हो... म्हणजे, मला मारत होती.”

“तुम्हाला त्या ‘व्होआ’ म्हणतात?”

“लग्न झाल्यापासून.”

क्रेगने आदराने टोपी काढली.

“पण तुमचं नाव मोरेश्वर आहे ना?” मिसेस पारातेने म्हणाल्या.

“आमच्यात काही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अहो म्हणतात.”

“म्हणजे तुमच्याकडे बायका नवऱ्यांना ‘थांब, थांब’ अशी हाक मारतात?”

“आणि थांबतोय कोण?” दारातून वहिनी म्हणाल्या. “इतक्या वर्षांत एक घोडाच काय तो थांबला!”

चष्मेवाला क्लार्क हसू दाबताना पेन चावायला लागला. मिसेस पारातेनेंनी त्याच्याकडे मुख्याध्यापिकेच्या नजरेने बघितलं. “आणि तुमचं ते तीनदा?”

“तो होकार होता. ती विचारत होती, घोडी आपलीच का? आमच्यात होकाराला ‘हो’ म्हणतात.”

“आमच्यात ‘आए’ म्हणतात,” त्या समजुतीने म्हणाल्या. आमच्यात तशी आईला हाक मारतात, हे मी बोलणार होतो. पण आधीच भाषेने पुरेसा घोळ घातला होता.

आता क्रेगची पाळी. तो मनाने वाईट नाही. उलट इतका सरळ आहे की तिथेच धोका होता. तो टिल्लूंकडे झुकला आणि अगदी मायेने म्हणाला, “हे बघ मेट, तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला पटलं. पण आपण दोघं सभ्य माणसं. तुझी बायको गप्प बसली असती तर मी जिंकलो असतो, बरोबर ना?”

गेलं! यापेक्षा ‘हो’साठी जास्त तयार केलेला प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. ‘मेट’ होतं, ‘सभ्य माणसं’ होतं, ‘बरोबर ना’ होतं. टिल्लूंची मान आपली आपणच डोलायला लागली. ओठांचा चंबू झाला. ‘ह’ची वाफ बाहेर पडलेली मी डोळ्यांनी बघितली. अनिरुद्धने डोळे झाकले. वहिनींनी माझा दंड इतका आवळला की अजून निळा आहे.

नोएलीन एका दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि खिडकीतून बाहेर मफिनकडे बघत होती.

टिल्लूंनी तिच्याकडे बघितलं. त्यांची मान मधेच अडकली, जुन्या पंख्यासारखी. त्यांनी डोळे मिटले, मुठी वळल्या, आणि छातीत साठून असलेला एक शब्द बाहेर आला.

“नाऽऽहीऽऽऽ!”

सवय नव्हती ना. ‘ना’ उंच चढला आणि ‘ही’ थरथरत, हिंदकळत खाली आला. बाहेरून मफिनने तितक्याच जोरात उत्तर दिलं. पाठोपाठ ब्रिगेडिअरने. मग तबेल्यातल्या झाडून सगळ्या घोड्यांनी.

खिंकाळण्याला इंग्रजीत ‘ने’ म्हणतात. क्लार्कने घाबरत हात वर केला. “मॅडम, काय लिहू? साक्षीदार खिंकाळला, असं लिहू?”

“मिस्टर टिल्लू,” मिसेस पारातेने चष्मा काढून म्हणाल्या, “तुमचा होकार घोड्याला थांबवतो आणि नकार त्याला बोलावतो. कृपा करून इंग्रजीत सांगा.”

“नो!” टिल्लू म्हणाले. “नो, नो, नो! क्रेग जिंकला नसता. व्हिडिओ बघा ना पुन्हा. कांचनने हाक मारली तेव्हा मफिनचं नाक ब्रिगेडिअरच्या मानेशी आलं होतं आणि ती अजून जोरात येत होती. ती जिंकणारच होती. नो!”

व्हिडिओ पुन्हा लागला. खरंच होतं. ‘अहो’ सुटायच्या आधीच मफिन ब्रिगेडिअरच्या बरोबरीला येत होती आणि पावलागणिक अंतर खात होती. इतकी वर्षं साठवलेली सगळी धाव तिने त्या एका पट्ट्यात काढली होती, तीही न धावता.

मिसेस पारातेने क्रेगकडे वळल्या. “घोड्याच्या कानात बोळे घातले होते ना? ते तू कधी काढलेस?”

“शेवटच्या वळणावर. सगळे काढतात.”

“कशाला?”

“गर्दीचा आवाज ऐकून घोड्याला चेव यावा म्हणून,” क्रेग म्हणाला आणि वाक्याच्या शेवटी त्याचं त्यालाच कळलं.

“म्हणजे गर्दीचा आवाज त्याने ऐकावा, असं तुलाच वाटत होतं. त्याने ऐकला. गर्दीने काय बोलावं हे तू ठरवू शकत नाहीस. शिवाय घोडी तशीही पुढे जात होती. प्रोटेस्ट फेटाळला.”

क्रेग खो खो हसला. “फेअर इनफ! पण त्या बाईला माझ्या तबेल्यापासून लांब ठेवा.”

“त्याचीही सोय करते,” मिसेस पारातेने म्हणाल्या. “यापुढे या मैदानावर मिसेस टिल्लूंनी पतीला नावाने हाक मारायची.”

“नावाने?” वहिनी लाल झाल्या. “चारचौघांत? इश्श!”

“चहा घेणार का सगळे?” टी-रूममधल्या बाईने खिडकीतून विचारलं. “नो!” टिल्लू गरजले. बांधच फुटला होता. बसणार का, नो. बिस्किट, नो. अभिनंदन, नो. शेवटी अनिरुद्धने त्यांना धरून बाहेर आणलं.

बाहेर क्लबचे अध्यक्ष अजून तटस्थ उभे होते. मात्र त्यांच्या तटस्थपणाचा फायदा घेऊन ब्रिगेडिअरने पट्ट्याची एक बाजू पार झालरीसकट खाल्ली होती. उरलेला पट्टा मफिनच्या गळ्यात जेमतेम पुरला. तिने वाकून तो हुंगला आणि दुसऱ्या बाजूने खायला सुरुवात केली.

या सगळ्यात इतका वेळ गेला होता की स्टँड रिकामा झाला होता, गाड्या निघून गेल्या होत्या आणि निवेदक माईकची वायर गुंडाळत होता. नोएलीन लंगडत त्याच्यापाशी गेली.

“निकाल सांग.”

“अगं, सगळ्यांना माहीत आहे.”

“मला सांग.”

त्याने वायर पुन्हा जोडली. भोंगा खरखरला. “पहिला क्रमांक, लेट फॉर टी. ड्रायव्हर, नोएलीन...”

“आता घोडीला ऐकू जाईल असं.”

तो मोठ्याने म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या, क्रेगनेही वाजवल्या. मफिन पट्टा चावत राहिली.

“अजून एकदा,” नोएलीन म्हणाली. आता तिचा आवाज बसला होता आणि ती नाक जँडलसारख्या रापलेल्या हाताच्या पंजाने पुसत होती. निवेदकाने घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता माईक तिच्याच हातात दिला.

आणि मग त्या रिकाम्या मैदानावर, गवतावर, कुंपणापलीकडच्या गाईंवर आणि आमच्या उडत चाललेल्या चटईवर नोएलीनचा आवाज घुमला. घोडीचं नाव, स्वतःचं नाव, आणि शेवटी थोडं अडखळून, “...आणि मालक, मॉरेश्वा टिलू.”

उच्चार साफ चुकला होता. टिल्लूंनी तो दुरुस्त केला नाही.